किती देश झाले?

नांदेडात कुणी परदेशाहून आले की त्याला विचारायचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. 'प्रवास कसा झाला?' हा तो प्रश्न नव्हे. 'किती देश झाले?' हा तो प्रश्न. २०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघे परतलो, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी गोदावरीच्या घाटाकडे फिरायला गेलो तर बाकावरच्या मंडळींनी तो विचारलाच.

"एकच," मी म्हणालो.

"किती दिवसांत?"

"एकवीस."

क्षणभर शांतता पसरली. मग एका निवृत्त तहसीलदारांनी काळजीच्या सुरात विचारले, "का हो, वहिनींची तब्येत बिघडली की काय तिकडे?"

तब्येत उत्तम होती. आम्ही ठरवूनच एकवीस दिवस फ्रान्समध्ये राहिलो, आणि तेही तीनच गावांत. सात दिवस पॅरिस, नऊ दिवस बोन नावाचे एक छोटे गाव आणि पाच दिवस बोर्दो. आमच्या शेजारच्या दाम्पत्याने त्याआधी दोन वर्षे पंधरा दिवसांत अकरा देश केले होते. त्यांच्या फोनमध्ये अडीच हजार फोटो आहेत, आणि कोणता पूल कोणत्या गावचा यावरून नवरा-बायकोत अजून वाद चालू आहे.

सहलकंपन्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. वरणभात देणारा आचारी आणि मराठी बोलणारा मार्गदर्शक बरोबर असल्यामुळेच जिंतूर-लोह्याच्या बाया आल्प्सच्या बर्फात नऊवारी नेसून उभ्या राहिल्या. ही लहान गोष्ट नव्हे. ज्या पिढीने परदेश पाहिला तो पु. लं.च्या 'अपूर्वाई'तच, १९६० साली पुस्तक झालेल्या त्या प्रवासात पु. ल. आणि सुनीताबाई यांच्या मागे मागे घरबसल्या हिंडून, त्या पिढीला प्रत्यक्ष विमानात बसवण्याचे काम या मंडळींनी केले. माझी तक्रार मोजणीबद्दल आहे. आम्ही बँकवाल्यांनी आयुष्यभर उद्दिष्टे गाठली : ठेवींचे उद्दिष्ट, वसुलीचे उद्दिष्ट, मार्चअखेर. निवृत्तीनंतर हिंडायला निघालो तरी देशांचे उद्दिष्ट गाठायचे असेल तर मग पेन्शन कशाची घ्यायची?

आमच्या सावकाशपणाला दोन कारणे होती. पहिले कारण आमच्या सौभाग्यवतींचा डावा गुडघा, जो २०२२ साली बदलला आहे आणि ज्याला पायऱ्या उतरायला आवडत नाहीत. दुसरे कारण जरा जुने आहे.

मी पस्तीस वर्षे बँकेत होतो. ही नांदेडच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. माझ्या बदल्या लातूर, औसा, निलंगा, उदगीर, देगलूर, किनवट अशा होत राहिल्या आणि ही सासू-सासऱ्यांना व मुलाला घेऊन नांदेडातच राहिली. शनिवारी रात्री यायचे, सोमवारी पहाटेच्या एस. टी.ने जायचे. १९९३ च्या दिवाळीत मात्र बँकेच्या प्रवास सवलतीत कन्याकुमारीला जायचे नक्की झाले. तिकिटे हातात आली. आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीची जमीन हलली. मी तेव्हा लातूर जिल्ह्यातच होतो. त्यानंतरचे कित्येक महिने काय होते ते इथे लिहीत नाही. तिकिटे मी स्वतःच परत केली, आणि त्याचे मला आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते पुढच्या वर्षांचे. त्या वर्षी भूकंप होता. नंतरच्या वर्षांना नुसत्या सबबी होत्या. मुलाची दहावी, घराचे कर्ज, आईचे आजारपण, माझी कादंबरी, पुन्हा मुलाची बारावी. कन्याकुमारी अजून राहिलीच आहे.

विमानात बसल्यावर हिने एक हिशेब केला. लग्नाला सदतीस वर्षे. त्यांतले एका छपराखाली गेलेले दिवस, रजा आणि रविवार धरून, बारा वर्षांच्या आसपास भरतात. मी आकडे तपासले. बरोबर होते. बॅलन्स शीट पाहून ग्राहकाशी काय बोलावे हे मला येते; इथे काय बोलावे ते सुचले नाही. मी तिच्या अंगावर पांघरूण सारखे केले.

पॅरिसबद्दल फार लिहीत नाही. त्यावर मराठीत पुष्कळ लिहून झाले आहे. नोत्र दामचे चर्च २०१९ च्या आगीनंतर अजून बंदच होते, ते बाहेरूनच पाहिले. एक प्रसंग मात्र सांगतो. हिचे माहेर लातूरचे. विजयकमानीच्या गच्चीवर आम्ही लिफ्टने गेलो. खाली त्या प्रसिद्ध चौकातून बारा रस्ते ताऱ्याच्या किरणांसारखे फुटलेले. ही कठड्याला टेकून एक एक रस्ता बोटाने मोजत होती. मोजून झाल्यावर म्हणाली, "बाराच? आमच्या गंजगोलाईला सोळा आहेत." १९१७ साली फैयाजुद्दीन नावाच्या वास्तुकाराने आखलेली ती गोल बाजारपेठ माहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर आयफेल टॉवरपुढेही उभी राहते. मी हसलो, पण मग विचार केला की आपल्यापैकी किती जणांनी गंजगोलाई कधी वरून पाहिली आहे? तिथे आपण अडत, सराफ आणि गर्दी एवढेच पाहतो. गाव पाहायला आठ दिवस मोकळे लागतात, आणि स्वतःच्या गावी ते कुणाला मिळत नाहीत.

बाकी पॅरिसमध्ये आम्ही पाव आणायला गेलो, बागेत बसलो, घरी येऊन मुगाची खिचडी लावली. पावाच्या दुकानात शिरल्याबरोबर 'बोंजूर' म्हटले नाही तर दुकानदारीणबाईंचा चेहरा आमच्या शाखेतल्या जुन्या हेडकॅशियरसारखा व्हायचा. दुकानात पाऊल टाकताच रामराम घालणारी आमची पिढी. आम्हाला ते लगेच जमले.

खरा मुक्काम बोनचा. बर्गंडी प्रांतातले हे वीसेक हजार वस्तीचे गाव, आपल्या औशापेक्षा लहान. भोवती नजर जाईल तिकडे द्राक्षे. आम्ही गेलो तेव्हा तोडणी सुरू होती. त्या वर्षी पाऊस फार झाला होता, वेलींवर केवडा पडला होता आणि पीक बरेच गेले होते. पानामागची ती पांढरी बुरशी पाहून मला तासगाव-नाशिकच्या बागा आठवल्या. रोगाला पासपोर्ट लागत नाही.

गावाच्या मधोमध एक इस्पितळ आहे. रंगीत कौलांचे, १४४३ साली स्थापलेले. निकोला रोलँ हा बर्गंडीच्या ड्यूकचा मुख्य प्रधान आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ, या दोघांनी ते गोरगरिबांसाठी उभारले. शंभर वर्षांचे युद्ध सरत आलेले, मुलखात उपासमार. १ जानेवारी १४५२ ला पहिला रुग्ण दाखल झाला आणि त्या जुन्या इमारतीत १९७१ पर्यंत रुग्ण होते. रोलँने एवढ्या लोकांना गरीब केले होते की त्यांच्यासाठी इस्पितळ बांधणे त्याला भागच होते, असा टोमणा फ्रान्सच्या अकराव्या लुईने मारला होता म्हणतात. बँकेत काढलेल्या आयुष्यामुळे तो टोमणा मला जरा लागलाच.

इस्पितळाचा खर्च चालावा म्हणून लोक शतकानुशतके द्राक्षमळे दान देत आले. आज असे साठेक हेक्टर मळे त्याच्या मालकीचे आहेत. त्यांची वाईन १८५९ पासून लिलावात विकली जाते, दरवर्षी नोव्हेंबरातल्या तिसऱ्या रविवारी, आणि पैसा इस्पितळाकडे जातो. आपल्याकडच्या देवस्थानच्या इनामी जमिनींचे काय झाले हे ज्यांनी सात-बारावर पाहिले आहे, त्यांना यातले नवल कळेल.

पन्नास मीटर लांबीच्या त्या सभागृहात दोन्ही बाजूंना लाल पडद्यांचे पलंग ओळीने लावलेले आहेत. ही त्यांपैकी एकाशी बराच वेळ उभी होती. फरशांवर एकच नक्षी पुन्हा पुन्हा येत होती : एन आणि जी ही अक्षरे गुंफलेली, एक तारा आणि 'सल्' हा फ्रेंच शब्द. 'एकमेव' असा त्याचा अर्थ. प्रधानाने बायकोसाठी घेतलेले ते ब्रीद, 'तूच माझी एक तारका' अशा भावाचे. तो १४६२ साली गेला, ती १४७० मध्ये. शेवटची वर्षे तिने याच इस्पितळात रुग्णसेवेत काढली आणि तिथेच तिला पुरले.

"अहो," ही म्हणाली, "आपल्या घरातल्या फरशीवर काय आहे?"

"शहाबादी आहे. आणि हप्त्यावर घेतलेली."

ती हसली, पण संध्याकाळपर्यंत फारसे बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, "तुम्ही उदगीरला असताना मी एकदा पत्र लिहिलं होतं, इथली नोकरी सोडून तिकडे येते म्हणून. पाठवलं नाही." हे मी सदतीस वर्षांत प्रथम ऐकत होतो. अकरा देशांच्या सहलीत ही गोष्ट कोणत्या देशात निघाली असती? सकाळी सहाला बॅगा खोलीबाहेर, साडेसातला बस. नवरा-बायकोत जुने काही निघायला रिकामी संध्याकाळ लागते, आणि दुसऱ्या दिवशी कुठे पोचायचे नसावे लागते.

आता वाईनबद्दल. घरातले वाचक वाट पाहत असतील. हिची आई माळकरी. हिने पेला नाकाशी धरला, ओठाला लावला नाही. मी घेतली. खरे सांगायचे तर मला ती आंबट लागली, आणि दाखवणाऱ्या बाई चेरी, ओली माती असे काय काय वास सांगत होत्या त्यांतला एकही मला आला नाही. पण वाईन म्हणजे संस्कृती आणि आपण मात्र मागासलेले, असले प्रवचन मला देता येत नाही. दारूने बसलेल्या घरांच्या उंबऱ्यावर मी वसुलीसाठी उभा राहिलो आहे. गावातले दुकान बंद व्हावे म्हणून उन्हात रांग लावून आडव्या बाटलीला मत देणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. महाराष्ट्र सरकारने २००१ साली द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले, नाशकात धंदा उभा राहिला. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू द्यायचे ठरले तेव्हा केवढा गदारोळ झाला आणि तो निर्णय बासनात गेला. शेतकऱ्याचे हित म्हणणारे खोटे नव्हते आणि त्या बायकाही खोट्या नव्हत्या. बोनमध्ये बसून हा वाद मिटत नाही.

मला तिथे दुसरेच काही दिसले, आणि ते माझ्या अंगावर आले.

बोनच्या उत्तरेला क्लो द वूजो नावाचा मळा आहे. दगडी कुंपणाच्या आत पन्नास हेक्टर, म्हणजे सव्वाशे एकर. मध्ययुगात मठातल्या साधूंनी लावलेला. क्रांतीत तो सरकारजमा झाला, मग खाजगी हातांत गेला, आणि १८८९ पर्यंत एकसंध होता. त्यानंतर फुटला. वाटण्या, विक्री, पुन्हा वाटण्या. फ्रान्समध्ये नेपोलियनच्या १८०४ च्या कायद्यापासून सगळ्या मुलांना सारखा वाटा. आज त्या एका कुंपणात ऐंशीच्या आसपास मालक आहेत. सरासरी दीड एकर. काहींच्या वाट्याला वेलींच्या चार ओळी. जवळच रोमाने-काँती हा जगातला बहुधा सर्वांत महाग मळा आहे, तो सगळा मिळून साडेचार एकर.

१९९९ साली औसा तालुक्यातला एक शेतकरी माझ्याकडे द्राक्षबागेसाठी कर्ज मागायला आला होता. तीस गुंठे. "सायब, वावर बारकं हाय, पर हिरीचं पानी गोड हाय," असे म्हणाला. लोखंडी अँगल, तारा, ठिबक, फवारणीचा बोर्डो, असा सगळा अंदाज त्याने वहीच्या पानावर नीट मांडून आणला होता. मी प्रकरणावर शेरा मारला, 'क्षेत्र किफायतशीर नाही', आणि रक्कम निम्मी केली. उरलेली निम्मी त्याने सावकाराकडून उचलली. बाग उभी राहिली, पंधरा-सोळा वर्षे टिकली, आणि त्या काळात त्याने मिळवलेल्यातला मोठा वाटा व्याजात गेला. तरीही दर मार्चला एक पेटी घरी पाठवायचा. मी ती परत पाठवायचो. ही त्याआधी एक घड काढून घ्यायची.

नियमाने माझा शेरा बरोबर होता. तो मारताना किफायत म्हणजे क्षेत्र असेच मला शिकवलेले होते. बर्गंडीत किफायत नावात आहे. कोणत्या तुकड्यात कोणती जात लावायची, एकरी किती पीक घ्यायचे, छाटणी कशी करायची, याचे कायदे आहेत, आणि ते पाळले की त्या तुकड्याचे नाव बाटलीवर येते. अशा १२४७ नावाजलेल्या तुकड्यांना युनेस्कोने २०१५ साली जागतिक वारशात घेतले. तुकडा लहान म्हणून कुणी त्याला हिणवत नाही. आपल्या निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला आणि बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते वाचून मी तेव्हा पान उलटले होते. आता वाटते, पानचिंचोली हे नाव पाकिटावर छापण्यासाठी आजचा शाखाधिकारी किती कर्ज देईल? मी असतो तर दिले नसते.

आणखी एक. बोनमध्ये द्राक्षतोडणी कोणत्या तारखेला सुरू झाली याची नोंद १३५४ पासून उपलब्ध आहे. अभ्यासकांनी ती मालिका जुळवून २०१९ साली प्रसिद्ध केली. १९८७ पर्यंत सरासरी तारीख २८ सप्टेंबर. १९८८ पासून ती तेरा दिवस अलीकडे आली. हिला हे फार आवडले, कारण हवामानाचा धडा तिने तीस वर्षे शिकवला आणि तो असा गावच्या वहीत सापडला. २०१६ च्या एप्रिलअखेर कडाक्याच्या थंडीने बर्गंडीतली कोवळी फूट एका रात्रीत गोठली. त्याच एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला आली, पाच लाख लिटर घेऊन. हिची आई तेव्हा लातुरात होती. गाडी आली त्या दिवशी फोनवर ती पाण्याबद्दल बोललीच नाही, गाडी बघायला स्टेशनावर केवढी गर्दी झाली तेच सांगत होती. औशाची ती बागही त्याच उन्हाळ्यात उपटली गेली.

अशा मुलखातल्या माणसाने हिंडण्यावर पाच लाख ऐंशी हजार रुपये खर्च करावेत का? हा आकडा आमचा दोघांचा, विमानापासून कोथिंबिरीपर्यंत, रोजकीर्दीत लिहिलेला. मुदत ठेव मोडली. मला रात्री झोप आली नाही असेही दोनदा झाले. तरी माझे मत बनले आहे ते सांगतो. आपल्याकडे लग्नात एका संध्याकाळी याहून जास्त जाते आणि कुणी हिशेब विचारत नाही. दोघांनी स्वतःसाठी खर्च केला की मात्र आपल्याला चोरी केल्यासारखे वाटते. मुलांचे झाले की मग, नातवंडांचे झाले की मग, असे करत गुडघे जातात आणि मग आपण अकरा देशांच्या बसमध्ये चढतो, कारण वेळ थोडा उरलेला असतो. पैसे नसतील तर फ्रान्स राहू द्या. माहूरला आठ दिवस राहा, खरोशाच्या लेण्यांपाशी दोन दिवस बसा. पण दोघांनीच जा, आणि परतीची घाई करू नका. पन्नाशीतच जा. पासष्टीला कळलेले मी सांगतो आहे.

बोर्दोला आम्ही गेलो ते हिच्या हट्टाने. गारोन नदीचे पाणी पुरातल्या गोदावरीसारखे गढूळ. भरतीला उलटे वाहते. पाच दिवस आम्ही काठाने जमेल तेवढे चाललो आणि बसलो. आपला शेतकरी मोरचूद आणि चुन्याचे जे निळे मिश्रण 'बोर्डो' म्हणून फवारतो, ते या शहराचे नाव. इथल्या मेडॉक भागात वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर हे विषारी दिसणारे पाणी मारत. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने पाहिले की तेवढ्याच वेलींवर केवडा नाही. १८८५ साली त्याने ते जाहीर केले. रेल्वे स्टेशनावर गावाच्या नावाची पाटी आहे, तिच्याखाली हिने मला उभे करून फोटो काढला. "हा आपल्यासाठी नाही," म्हणाली.

परतल्यावर महिन्याभराने आम्ही औशाला गेलो. तीस गुंठ्यांत तूर उभी होती. तो आता थकला आहे, पण नजर तीच. हिने फोन त्याच्या हातात दिला. पाटी त्याला वाचता येईना, मी वाचून दाखवली.

"बोर्डो म्हंजी गाव हाय?" तो म्हणाला. "मला वाटलं कंपनी."

मग त्याने एकेक फोटो पाहिला. पाणी कुठले, विचारले. तिथे मोठ्या वेलींना पाणी द्यायला बंदी आहे म्हटल्यावर तो थट्टा समजला. छाटणी वर्षातून एकदाच, हे ऐकून म्हणाला, "आन् बाकीचं वरीस काय करत्यात?" खुंट कोणता, असेही विचारले. एकोणिसाव्या शतकात मुळांवरच्या किडीने फ्रान्सच्या बागा बसल्या तेव्हापासून तिथेही अमेरिकन खुंटावरच कलम करतात, आणि आपला डॉगरिजही मूळचा टेक्सासचा, हे सांगितले तेव्हा त्याने मान हलवली.

क्लो द वूजोतल्या एका जुन्या वेलीच्या फोटोवर तो थांबला. अंगठा खोडावर ठेवून जाडी पाहिली, मग बोटांनी चित्र मोठे केले. हे त्याला नातवाने शिकवले असावे.

"डोळं बराबर ठिवलेत," तो म्हणाला आणि फोन हिच्या हातात दिला. "वैनी, च्या ठिवायला सांगतो. घाई न्हाई ना?"

"नाही," ही म्हणाली.